चौदा नंबरची खालची रेघ

मंगळवारी अकराच्या मीटिंगला पट्टेवालीने भिंतीवर एकाखाली एक दोन रेघा दाखवल्या आणि खोलीतलं कोणीतरी हसलं. कोण हसलं ते मला अजून कळलेलं नाही. वरची रेघ निळी होती, टेबलाच्या कडेसारखी सरळ. खालची लाल, डावीकडे बऱ्यापैकी उंच आणि उजवीकडे येता येता घसरत घसरत पार तळाला टेकलेली. "चौदा नंबर," पट्टेवाली म्हणाली. "निळी रेघ म्हणजे पेशंटने डायरीत लिहिलेलं चालणं. रोज संध्याकाळी चाळीस मिनिटं, एका दिवसाचाही खाडा नाही. लाल रेघ म्हणजे मनगटावरच्या पट्ट्याने मोजलेलं चालणं. आपल्याकडे तपासणीला यायचे तीन दिवस सोडले, तर हे गृहस्थ गेले एकेचाळीस दिवस घराबाहेर पडलेले नाहीत. शेवटचे दोन आठवडे तर खुर्चीतूनही फारसे उठलेले नाहीत." एवढं बोलून ती थांबली आणि माझ्याकडे बघायचं तिने टाळलं. टाळतेय हे सगळ्यांना दिसेल अशा बेताने टाळलं. हसण्याचा आवाज आला तो तेव्हा. कोणी खोकल्यातही गुंडाळला नाही.

चौदा नंबर म्हणजे कोच. महापालिकेच्या तलावावर एकतीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलेला माणूस. छाती अजून रुंद, आतलं हृदय मात्र थकून अर्ध्या ताकदीवर चाललेलं. अशा हृदयांसाठी एक नवीन गोळी निघाली आहे. ती बाजारात जाण्याआधी एकोणचाळीस माणसांना देऊन बघायची, असा आमचा अभ्यास. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर असले अभ्यास चालतात आणि बावीस वर्षं मी त्या मजल्यावरची सिस्टर आहे. दर पंधरा दिवसांनी माणसं येतात. मी त्यांचं रक्त घेते, वजन करते, उरलेल्या गोळ्या मोजते आणि डायरी तपासते. किती चाललात, किती दम लागला, झोप कशी झाली, हे त्यांनी घरी रोजच्या रोज लिहायचं असतं. माझ्या पाठीमागे मला डायरीबाई म्हणतात. म्हणू देत. या खेपेला डायरीच्या जोडीला पट्टे आले. काळे, रबरी, घड्याळासारखे, पण वेळ न दाखवणारे. आणि पट्ट्यांबरोबर ही मुलगी आली. तिला पट्टेवाली हे नाव मी ठेवलं. ऑफिसातला पट्टेवाला जशा फायली पोचवतो तसे ही आकडे पोचवते, एवढीच तिची लायकी, असं मला म्हणायचं होतं. आठवड्याभरात सगळा मजला तेच म्हणू लागला. तिच्या कानावर ते गेलं असणारच. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही आणि मला तिचा जास्त राग आला तो त्यामुळे.

खरं तर राग पट्ट्याचाच होता. मनगटावर तो जिथे बसतो, ती जागा माझी होती. नर्सिंगला होते तेव्हा मेट्रनने मला पेशंटचं मनगट धरायला शिकवलं. तीन बोटं, अंगठा नाही, पूर्ण एक मिनिट. "अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्या मुली मला चालत नाहीत," ती म्हणायची. "त्या मिनिटात माणूस तुम्हाला काय सांगतो ते ऐका." आणि सांगतात हो. मनगट हातात घेतलं की माणसं नजर खिडकीकडे वळवतात आणि बोलायला लागतात. सुनेबद्दल, मुलाच्या नोकरीबद्दल, बायको गेल्यावर पलंगाची कुठली बाजू रिकामी राहिली त्याबद्दल. या अभ्यासात ते मिनिट गेलं. पट्टा नाडी मोजतो, सिस्टरने टॅबलेटवर फक्त 'पट्टा घातला आहे' या चौकटीत टिचकी मारायची. रात्री किती उशा घेता, हा माझा जुना प्रश्नही फॉर्ममधून गेला. हृदय थकलं की आडवं झाल्यावर दम लागतो, माणूस एकावर एक उशा रचत जातो. उशांची संख्या वाढली की आम्ही काय ते समजायचो. पट्टेवालीने सांगितलं, झोप पट्ट्यात येते, प्रश्नाची गरज नाही. काढा म्हटलं, सगळंच काढा.

म्हणून त्या मीटिंगमध्ये मी जे बोलले ते फक्त कोचसाठी नव्हतं. "पट्टा चुकतोय," मी म्हणाले. "नऊ नंबरच्या बाई नातवाची गाडी ढकलत रोज दोन तास फिरतात. त्यांचा तुमच्या पट्ट्यात आकडा काय आला होता?" पट्टेवाली म्हणाली, "शून्याच्या आसपास. हात गाडीच्या दांड्यावर स्थिर राहतो म्हणून पावलं धरली गेली नाहीत. ते मीच शोधून काढलं होतं, सिस्टर. पट्टे नीट चालतात का ते बघायच्या पहिल्या आठवड्याच्या नोंदीत आहे." "मग कोचही काहीतरी ढकलत असतील." "एकेचाळीस दिवस?" आता मात्र सगळेच हसले. आमचे सर टेबलाच्या टोकाला बसतात. अभ्यासाची जबाबदारी त्यांची. रागावले की त्यांचा आवाज मऊ होतो. त्या मऊ आवाजात ते म्हणाले, "सिस्टर, एक फोन करून बघा ना." मी म्हटलं, "फोन नको, मी जाऊन येते." "घरभेटी आपण बंद केल्या आहेत." "मग माझी अर्धी रजा मांडा." खुर्ची मागे सरकवताना तिचा पाय फरशीवर करकरला. मला तो आवाज बरा वाटला.

बसमध्ये खिडकीशी बसून मी मनातल्या मनात पट्टेवालीला ऐकवत होते. बघ, म्हणत होते, चांगला संध्याकाळी चालून आलेला माणूस आहे, बूट दाराशी आहेत, बुटांना माती आहे. मी तिच्या तोंडावर ती माती फेकतही होते. अशी भांडणं मला छान जमतात, समोर कोणी नसताना. पण दोन थांबे गेले आणि मातीच्या जागी मला ते बूट दिसले. नऊ दिवसांपूर्वीचे, आमच्या बाकाखालचे, नाड्या सोडून पायात अडकवलेले. कोचने बुटाची नाडी कधी सुटी ठेवलेली मी बघितली नव्हती. तलावावरचा माणूस, शिस्तीचा. मी म्हणाले होते, "कोच, वरची नाडी तुमचा पट्टा बघतोय, खालची तरी तुम्ही बांधा." ते खळखळून हसले, मीही हसले. माझा विनोद मलाच इतका आवडला की तो मी जेवणाच्या सुट्टीत दोघींना सांगितला. नाड्या का सुटल्या होत्या हे विचारायचं मात्र राहिलं. पाय सुजले की बूट आवळतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं. त्या दिवशी वजनही साडेतीन किलो जास्त भरलं. "सुनेच्या हाताला चव आहे," कोच म्हणाले. टॅबलेटवर पाच किलोच्या वर गेल्याशिवाय पिवळा दिवा लागत नाही. दिवा लागला नाही. मी पुढच्या चौकटीवर गेले. आणि डायरी उघडली. ती किती सुरेख होती! रोज चाळीस मिनिटं. शेवटच्या पानावर लिहिलेलं, आज तलावाला दोन फेऱ्या, सिस्टरना सांगणे. मी म्हणाले, "शाब्बास, कोच." त्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान खाली घातली.

शाळेत आम्हाला शुद्धलेखनाची वही होती. रोज दहा ओळी. मी रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सात दिवसांच्या सत्तर ओळी एका दमात लिहायची. बाईंना कळू नये म्हणून मध्येच पेन्सिल बदलायची, एकदा बोथट, एकदा टोक काढलेली. बुधवारच्या ओळी मुद्दाम थोड्या वाकड्या काढायची, कारण बुधवारी मी थकते असं मी ठरवलं होतं. बाई वहीवर लाल शाईत 'उत्तम' लिहायच्या. मला वाटायचं त्या फसल्या. आता वाटतं, तीस वह्या तपासायला घेतलेल्या बाईंना फसायला परवडत असेल. बसच्या काचेत माझा चेहरा आणि बाहेरची दुकानं एकमेकांत मिसळून पळत होती आणि मला माझं टेबल आठवलं. त्यावर मी कायम दोन पेनं ठेवते, एक निळं, एक काळं. तपासणीच्या आधी बाहेरच्या बाकावर माणसं पंधरा दिवसांच्या डायऱ्या दहा मिनिटांत भरत बसलेली असतात, हे मला बावीस वर्षं माहीत आहे. एखादी बाई आत डोकावून म्हणते, "सिस्टर, पेन आहे का?" मी निळं देते. थोड्या वेळाने काळंही नेऊन देते. कधी कोणाला 'पेन बदला' म्हणाले नाही. तशी गरजच पडली नाही. माणसं हुशार असतात. त्यांना लाज वाटू नये, एवढंच मला हवं होतं. आणि डायरी पूर्ण नसली की तिला फाटे फुटतात, पत्रं येतात, खुलासे द्यावे लागतात. दोन्ही कारणं खरी. कुठलं आधीचं, ते मी तपासून बघितलं नाही.

कोचचं घर तलावाच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. दार सुनेने उघडलं. हात ओले, कपाळावर केसांची बट. "सिस्टर? आज तारीख होती का?" "नाही, सहज आले. कसे आहेत?" तिने मला आत घेतलं आणि तशीच उभी राहिली. "ते तुम्हीच सांगायचं. आम्ही काही विचारलं की म्हणतात, सिस्टरने तपासलंय, सिस्टर शाब्बास म्हणाली. ह्यांनी दोनदा म्हटलं, बाबा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, तर घर डोक्यावर घेतलं. म्हणाले, एवढी मोठी माणसं माझ्यावर अभ्यास करतायत, तुम्हाला जास्त कळतं का?" दाराशी बूट नव्हते. चपला होत्या, त्याही मुलाच्या मापाच्या वाटाव्यात एवढ्या मोठ्या आणि नव्या. मी त्यांच्याकडे बघतेय हे बघून सून म्हणाली, "पाय शिरत नाहीत ना जुन्यात."

आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत कोच. पलंगावरची चादर ताणलेली, तिच्यावर कित्येक दिवसांत कोणी निजलेलं नसावं अशी. सगळ्या उशा खुर्चीत त्यांच्या पाठीमागे होत्या. खिडकीतून तलावाच्या पाण्याचा औषधी वास येत होता आणि कोणा दुसऱ्याच माणसाची शिट्टी ऐकू येत होती. लांब फुंकर, दोन आखूड. त्यांच्या ओठांचा रंग मला दारातूनच दिसला. श्वास घेताना ते खांदे उचलत होते. मला बघून त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर शेजारच्या स्टुलावरची डायरी मांडीखाली सरकवली.

"कोच, चालायला जाता ना?"

"जातो की."

"कधी गेला होता शेवटचं?"

"लिहिलंय त्यात." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. कोच होते ते, पाण्याखालच्या पोराचं काय चाललंय हे वरून ओळखणारे. "ह्याने सांगितलं," ते म्हणाले आणि पट्टा घातलेला हात त्यांनी दुसऱ्याचा असावा तसा गुडघ्यावर लांब ठेवला. "नाडी मोजतो म्हणाला होतात तुम्ही."

"चालणंही मोजतो. संमतीपत्रात लिहिलं होतं, चौथ्या पानावर. मी वाचून दाखवलं होतं."

"मी कुठे ऐकलं? तुम्ही वाचत होता, मी सही करत होतो. सही मी तुमच्याकडे बघून केली." दम लागून ते थांबले. "घरात बसवायचं आणि वर चुगल्या करायच्या."

"खोटं का लिहिलंत?"

"खोटं काय? तलावाला दोन फेऱ्या मी रोज मारतो. डोळे मिटून. एकतीस वर्षं मारल्यात, चुकत नाही." आणि मग एकदम, अंगावर आल्यासारखं, "तुम्हाला आवडायचं म्हणून लिहिलं! मी लिहायचो, तुम्ही खूश व्हायचात, घरचे गप्प बसायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. तुमचं काय बिघडत होतं?"

मी खाली बसले आणि त्यांच्या पायावरची चादर बाजूला केली. नडगीवर अंगठा दाबून धरला, मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि उचलला. खळगा तसाच राहिला. भिजलेल्या मातीत राहतो तसा, माझ्या अंगठ्याच्या मापाचा. गुडघ्याच्या वरही तेच. "हात लावू नका," कोच म्हणाले. मी मनगट धरलं, पट्टा वर सारून, तीन बोटांनी, पूर्ण एक मिनिट. त्यांनी ते हिसकायचा प्रयत्न केला आणि ताकदच नव्हती. नाडी पळत होती, मध्येच ठेचकाळत होती. मग मी सुनेला अँब्युलन्सचा नंबर लावायला सांगितला. कोच म्हणाले, "मी येणार नाही." मी म्हणाले, "याल." एवढ्या रुक्ष आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. स्ट्रेचरवरून नेताना गल्लीतली पोरं, ओले केस आणि खांद्यावर टॉवेल, भिंतीला चिकटून उभी राहिली. कोचने तोंडावर टॉवेल ओढून घेतला. मी त्यांना त्यांच्या पोरांसमोर आडवं नेलं, आणि हे ते विसरणार नव्हते, हे मला तिथेच कळलं.

आठ लिटर पाणी काढलं त्यांच्या अंगातून, पाच दिवसांत. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरने मला जिन्यात विचारलं, "अजून चार दिवस काढले असते तर काय झालं असतं, कळतंय ना तुम्हाला? तुमच्या अभ्यासात होते ना हे? मग बघत कोण होतं?" प्रश्न साधा होता. मी तो जसाच्या तसा पट्टेवालीकडे घेऊन गेले. माझ्या हातात एखादी वस्तू असती तर ती मी फेकली असती. "तुझ्या पट्ट्याला एकेचाळीस दिवस माहीत होतं. तुला कधी कळलं?" "सोमवारी," ती म्हणाली. "मीटिंगच्या आदल्या दिवशी. नियमाप्रमाणे आकडे तीन महिन्यांतून एकदाच उघडायचे असतात. आधी बघितले तर डॉक्टरांच्या मतावर परिणाम होतो. आकडे अभ्यासासाठी आहेत, उपचारासाठी नाहीत." "म्हणजे माणूस बुडतोय हे काठावरून लिहून घ्यायचं आणि तीन महिन्यांनी वाचायचं." तिचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "आणि तुम्ही, सिस्टर? तुम्ही तर पंधरा दिवसांनी त्यांच्यासमोर बसत होता. तुमच्या डोळ्यांना कुठला नियम होता?"

तिच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं. मी दिली नाही, पण हाताचा तळवा गरम झालेला मला आठवतो. मी वळून स्वच्छतागृहात गेले, नळ सोडला आणि पाणी मनगटावर घेत उभी राहिले. रडू येईल अशी वाट बघितली. आलं नाही. आला तो फक्त राग, आणि तो कोणावर ठेवावा तेच कळेना. पट्टेवालीवर ठेवला तर घसरायचा, सरांवर ठेवला तर घसरायचा, कोचवर ठेवला तर दोन क्षण टिकायचा. त्यांनीच खोटं लिहिलं, त्यांनीच. आणि मग नाड्या दिसायच्या.

अशी घटना झाली की चोवीस तासांत अहवाल जातो. सरांनी तो तयारच ठेवला होता. 'रुग्णाने लक्षणं लपवल्यामुळे निदानास विलंब झाला.' मी फक्त सही करायची होती. पट्टेवालीने स्वतःची एक पुरवणी जोडली होती, 'कागदी डायरी हे साधन अविश्वसनीय असल्याचे दिसून येते.' दोन्ही वाक्यं खरी होती. त्यांच्यात बसायला जागा होती, माझ्यासारख्या बाईला अगदी ऐसपैस. मी कोरा कागद घेतला. नऊ दिवसांपूर्वी रुग्णाच्या बुटाच्या नाड्या सुटलेल्या मी बघितल्या, कारण विचारलं नाही. वजन साडेतीन किलोने वाढलं होतं, सरांना कळवलं नाही. पट्ट्याचे आकडे एकेचाळीस दिवस कोणीही उघडले नाहीत. उशांचा प्रश्न फॉर्ममधून काढला तेव्हा मी हरकत घेतली नाही. या अभ्यासातल्या एकोणचाळीस डायऱ्यांपैकी किमान अकरा माझ्या दारासमोरच्या बाकावर भरल्या जातात आणि पेनं मी पुरवते.

सरांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. आवाज मऊ झाला. "पेनांचं काढून टाका."

"का?"

"कारण मग विचारतील, फक्त याच अभ्यासात का. बावीस वर्षांचं काम आहे, सिस्टर. तुमचं, माझं. त्यावर औषधं बाजारात गेलीत."

"विचारलं तर तेही सांगेन मी. तुम्हीच विचारा ना. आधीच्या अभ्यासांत काय व्हायचं, विचारताय का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाहेर लिफ्ट आली, उघडली, कोणी उतरलं नाही, बंद झाली. त्यांनी विचारलं नाही. अहवाल माझ्या कागदासकट गेला, कारण सही माझी लागत होती आणि मी दुसऱ्या कशावर करायला तयार नव्हते. चौकशी समिती आली, चौघं जण, गळ्यात ओळखपत्रं. त्यांनी माझी दोन्ही पेनं एका पिशवीत घालून नेली, जणू ती सापडायचीच बाकी होती. मला ताकीद मिळाली. सरांना पत्र मिळालं. डायऱ्या बंद झाल्या आणि पट्ट्याचे आकडे रोज सकाळी उघडायचा हुकूम झाला. ते एका सिस्टरने आणि एका तंत्रज्ञाने एकत्र बसून बघायचे आणि शंका आली की त्याच दिवशी फोन करायचा. मजल्यावर सिस्टर दोनच. दुसरी बाळंतपणाच्या रजेवर.

कोच एकोणिसाव्या दिवशी घरी गेले. त्याआधी मी वॉर्डात तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्यांदा भिंतीकडे कूस वळवली, आडवं होऊन कूस वळवता येत होती एवढं त्यांचं बरं झालं होतं. तिसऱ्यांदा सून बाहेर आली आणि म्हणाली, "सिस्टर, राग मानू नका, पण तुम्ही आलात की त्यांची नाडी वाढते." ती हे कृतज्ञतेने म्हणाली, माझा हातही धरला. तिच्या मते मी त्यांचा जीव वाचवला होता. मी तो हात सोडवून घेतला. अभ्यास सोडणाऱ्या पेशंटला एक फॉर्म भरावा लागतो. कोचचा टपालाने आला. नाव, तारीख, सही, सगळं त्यांच्या घोटीव अक्षरात. 'अभ्यास सोडण्याचं कारण' यापुढे पाच ओळींची जागा असते. पहिल्या ओळीवर त्यांनी एकच शब्द लिहिला होता, 'सिस्टर'. बाकीच्या चार ओळी कोऱ्या. मी तो फॉर्म फाईलला लावला. यादीत नाव, नंबर आणि कारण मीच चढवलं, काहीही न बदलता. त्या दिवशी मी जेवले, बसने घरी गेले, कपडे वाळत घातले. पुढचे कित्येक दिवस ते अक्षर मला कुठेही दिसायचं, दुकानाच्या पाटीवर, औषधाच्या बाटलीवर. माझ्याच कामाचं नाव, आणि वाचवेना.

पट्टेवाली आणि मी रोज नऊला बसतो. एकच टेबल, दोन खुर्च्या, मध्ये तिचा पडदा. आम्ही एकमेकींना चहा विचारत नाही. तिच्या केसांच्या तेलाचा वास मला सहन होत नाही, आणि फोनवर मी मोठ्याने बोलते ते तिला सहन होत नाही. तिने तसं सांगितलंय. ती नंबर वाचते, मी माणूस सांगते. "सात, निम्म्यावर आलंय." "मुलगी आली आहे माहेरी, बसून गप्पा मारत असतील, तरी विचारते." "तीस, पट्टाच घातलेला नाही." "अंगाला पुरळ येतो त्यांच्या. दुसऱ्या हाताला घालायला सांगते." कधी ती बरोबर निघते, कधी मी, आणि जी बरोबर निघते ती त्या दिवशी जरा जास्त असह्य होते. तिला पट्टेवाली म्हणणं मी सोडलेलं नाही. परवा तिनेच फोन उचलला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाली, "थांबा, डायरीबाईंना देते."

गुरुवारी ती म्हणाली, "बावीस. चार दिवस रेघ खाली चाललीये." बावीस म्हणजे शिवणक्लास चालवणाऱ्या बाई, एकट्या राहतात, तोंडाने फटकळ. मी फोन लावला. "बरी आहे हो मी," त्या म्हणाल्या. "शिवण जास्त आलंय, बसून असते." आवाज ठणठणीत होता. वाक्याच्या शेवटी मात्र त्यांनी श्वास घेतला आणि तो घेताना फोन तोंडापासून लांब धरला. पूर्वी मी म्हणाले असते, छान, जपा हं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं, गोड, सवयीचं. शेजारी पट्टेवालीने टाईप करायचं थांबवलं.

"बाई, मशीनवर सलग किती वेळ बसता?" मी विचारलं.

"बसते तास दोन तास."

"आत्ता मशीनवर कापड कुठलं आहे?"

पलीकडे फोन या कानावरून त्या कानावर गेला. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय कापडाशी? उलटतपासणी घेता का माझी? औषध घेतेय, पट्टा घालतेय, आणखी काय माझा जीव घ्याल?"

"खरं सांगा, बाई. मशीनवर कधीपासून बसला नाहीत?"

तिकडून फोन आपटला. कानाला लागला तो आवाज. पट्टेवाली माझ्याकडे बघत होती, या वेळी न टाळता, आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. मी नंबर पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली, वाजून वाजून बंद पडली. मी पुन्हा लावला.